विलायती सूपला कॉर्नफ्लोर लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीनिमित्त ‘विलायती सूप’ असं एक अख्खं पान आलं होतं, ते मी इथे स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला ई-पेपरवर वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. पानावरच्या सगळ्या सूपांची कृती एकच होती, भाज्या उकडा, मिक्सरला लावा, कॉर्नफ्लोर कालवून घाला, वर क्रीमची धार सोडा. आणि खाली चौकटीत लिहिलं होतं की ब्रिटिश जेवण मुळातच बेचव असतं त्यामुळे आपल्या चवीप्रमाणे चाट मसाला किंवा चिली सॉस घालावा. मला या चौकटीचं फार वाईट वाटलं. मी बरीच वर्षं इथे राहतेय, इथल्या बायकांकडून हे सूप शिकलेय, माझ्या घरी थंडीत आठवड्यातून एकदा तरी मोठं पातेलं चढतंच, आणि त्यातल्या एकाही पातेल्यात कॉर्नफ्लोर जात नाही.

आपल्याकडे सूप म्हटलं की हॉटेलात जेवणाआधी येणारी छोटी वाटी, तीत मिळून येण्यासाठी कॉर्नफ्लोर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की घरी करतानाही आपण तेच करतो. इथे घरातलं सूप हे जेवणाआधीचं नसतं, तेच जेवण असतं. खोलगट बोलमध्ये काठोकाठ, त्यात मटणाचे तुकडे, जव, वाटाणे, गाजर, बटाटा, बाजूला ब्रेड आणि बटर, झालं. दाटपणा येतो तो जवातून, डाळीतून, बटाट्यातून आणि हाडांतून, वेगळं काही लावावं लागत नाही.

बेचव हा शिक्का का बसला याचाही थोडा विचार व्हायला हवा. दुसऱ्या महायुद्धात इथे जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं, मांसही त्यात आलं, आणि ते पूर्णपणे उठलं जुलै १९५४ मध्ये. म्हणजे चौदा वर्षं लोकांनी मोजून मिळालेल्या मांसावर, मोजून मिळालेल्या बटरवर दिवस काढले. एक पूर्ण पिढी तशा स्वयंपाकात वाढली आणि बाहेरून आलेल्यांनी तेच खाल्लं, तेच जगभर सांगितलं. शिवाय डबाबंद सूप आणि क्यूब होतेच, ऑक्सोचा क्यूब, म्हणजे मांसाच्या अर्काची छोटी वडी, तर १९१० पासून आहे, घाईच्या दिवशी तोच पाण्यात टाकून काम भागवणारी घरं आजही भरपूर आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण डब्यातलं सूप चाखून अख्ख्या देशाच्या चुलीबद्दल मत बनवायचं हे मला पटत नाही.

खरं तर मराठी माणसाला हे ब्रॉथ, म्हणजे मांस-हाडांच्या पाण्यात शिजलेलं सूप, समजायला सगळ्यात सोपं जायला पाहिजे कारण आपल्याकडे मटणाचं अळणी आहे. मसाला पडायच्या आधी हळद-मीठ-आल्या-लसणात शिजलेल्या मटणाचं जे पाणी घरातल्या लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला वाटीत देतात, कोल्हापूरकडे ज्याच्यावर पांढरा रस्सा उभा राहतो, ते ज्याने प्यायलंय त्याला मसाल्याशिवायही मटणाला किती चव असते हे सांगावं लागत नाही. स्कॉच ब्रॉथ, म्हणजे इथलं मटण आणि जवाचं सूप, त्याच वाटेवरचं आहे, फक्त मसाल्याच्या जागी कंदमुळं आणि धान्य.

आता मुख्य गोष्ट, स्टॉक, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं, सूपचा पाया असणारं पाणी. हाडं नेहमी थंड पाण्यात घालायची, उकळत्या पाण्यात नाही. गॅस मंद ठेवून हळूहळू तापवायचं, वर राखाडी फेस येतो तो झाऱ्याने काढत राहायचा, फेस यायचा थांबला की मग भाज्या घालायच्या, कांदा, गाजर, सेलरीची दांडी, तमालपत्र, आठ-दहा मिरे. आणि यानंतर खळखळ उकळू द्यायचं नाही, मधूनच एखादा बुडबुडा वर यावा एवढीच आच. जोरात उकळलं की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि स्टॉक गढूळ, तेलकट होतो. कोंबडीच्या हाडांना दोन-तीन तास पुरतात, मटणाला तीन-चार, माशाला मात्र वीस-पंचवीस मिनिटांच्या वर नाही, नाहीतर कडवट लागतो. हाडांतलं आणि सांध्यांच्या कूर्चेतलं कोलॅजेन नावाचं प्रथिन सावकाश शिजून त्याचं जिलेटिन होतं, म्हणून चांगला स्टॉक फ्रीजमध्ये थरथरत्या जेलीसारखा जमतो, आणि ओठांना जो किंचित चिकटपणा जाणवतो तो त्याचाच. मीठ शेवटी, कारण पाणी आटत जातं तसा खारटपणा वाढतो. इथल्या घरांत रविवारी अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजतात आणि सोमवारी तिचा सांगाडा स्टॉकला जातो, हा क्रम इतका ठरलेला आहे की सांगाडा कचऱ्यात टाकणं म्हणजे इथल्या जुन्या बायकांना अन्नाचा अपमानच वाटतो.

स्कॉच ब्रॉथबद्दल एक प्रसंग इथे सगळ्यांना माहीत असतो. १७७३ मध्ये इंग्रज लेखक डॉ. सॅम्युअल जॉन्सन आपला स्कॉटिश मित्र आणि चरित्रकार बॉझवेल याच्याबरोबर स्कॉटलंड फिरायला आले, आणि हे तेच जॉन्सन ज्यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात ओट्सचा अर्थ देताना लिहिलं होतं की हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं त्यावर जगतात. तर ॲबर्डीनला जेवताना त्यांनी जव आणि वाटाणे घातलेल्या ब्रॉथच्या अनेक प्लेटा संपवल्या. बॉझवेलने विचारलं की तुम्ही हे आधी कधी खाल्लं नव्हतं ना, तर म्हणाले, नाही, पण पुन्हा लवकरात लवकर मिळालं तरी माझी हरकत नाही. बॉझवेलने हे लिहून ठेवलंय. स्कॉटिश लोकांना टोमणे मारण्याची एकही संधी न सोडणाऱ्या माणसाची ही दाद आहे, तेव्हा बेचव म्हणायच्या आधी निदान एकदा करून बघावं.

कृती अशी. अर्धा कप सुके वाटाणे रात्रभर भिजवायचे. पर्ल बार्ली म्हणजे सोललेले, पॉलिश केलेले जव, साधारण ७५ ग्रॅम, दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्यायचे. इथे सुपरमार्केटमध्ये वाटाणे, डाळी आणि जव एकत्र केलेलं ‘ब्रॉथ मिक्स’चं पाकीट मिळतं, बहुतेक घरांत तेच वापरतात. मटण मानेचं घ्यायचं, ७००-८०० ग्रॅम, हाडासकट. इथे कोकराचं किंवा मेंढीचं असतं, आपल्याकडे बोकडाचं चालेल, खाटकाला मानेचे मोठे तुकडे आणि एक-दोन नळ्या द्यायला सांगायचं. दोन लिटर थंड पाण्यात मटण, वाटाणे आणि जव घालून वर सांगितल्याप्रमाणे फेस काढायचा आणि तासभर मंद शिजू द्यायचं. मग बारीक चौकोनी चिरलेलं गाजर, कांदा आणि स्वीड. हे स्वीड म्हणजे पिवळ्या गराचा मोठा कंद, इथे त्याला नीप म्हणतात, ते आपल्याकडे मिळत नाही, त्याच्या जागी सलगम घ्यावा, तोही नसेल तर नवलकोल. अजून अर्ध्या-पाऊण तासाने लीक (कांद्याच्या जातीची, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी) आणि बारीक चिरलेला कोबी किंवा केल (कोबीच्याच जातीची पालेभाजी), शेवटची पंधरा-वीस मिनिटं. लीक आता पुण्या-मुंबईत परदेशी भाज्या ठेवणाऱ्यांकडे मिळतो, नाही मिळाला तर पातीचा कांदा घ्या पण पात अगदी शेवटी घाला. मटण बाहेर काढून हाडं वेगळी करायची, तुकडे परत पातेल्यात, मग मीठ, ताजी कुटलेली मिरी आणि मूठभर पार्सली. पार्सली नसेल तर नसू दे, कोथिंबीर घातली की चव पूर्ण दुसरीकडे जाते.

कुकरबद्दल लोक विचारतील म्हणून आधीच लिहिते. मटण आणि वाटाणे कुकरमध्ये खुशाल शिजवा, वेळ वाचतो, पण जव मात्र कुकरमध्ये फेसाळतात आणि तो फेस शिट्टीच्या भोकात अडकू शकतो, म्हणून जव वेगळ्या पातेल्यात शिजवून नंतर मिसळावेत. आणि हे सूप केल्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, जव रात्रभर रस पितात आणि सगळं एकजीव होतं. गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं की चरबी वर पांढरी गोठते, ती चमच्याने सहज उचलता येते. मेंढीच्या मटणाला हे करायलाच हवं कारण ती चरबी कोमट झाली की टाळूला चिकटते, बोकडाला तेवढी गरज नसते. दुसऱ्या दिवशी गरम करताना दाट वाटलं तर पाणी घाला, त्यात काही बिघडत नाही.

आता जे मटण खात नाहीत त्यांच्यासाठी, आणि खरं तर पुरवणीने सुरुवात इथूनच करायला हवी होती. स्कॉटलंडच्या घराघरात सगळ्यात जास्त होणाऱ्या सूपांपैकी एक म्हणजे लेंटिल सूप आणि त्यातली लेंटिल म्हणजे आपली मसूर डाळ! तीच केशरी, सालं काढलेली, भिजवायचीही गरज नाही. शाळेतून आलेल्या पोरांना, बाहेर थंडीत काम करून आलेल्या माणसाला, चर्चच्या हॉलमध्ये जमलेल्या म्हाताऱ्या मंडळींना हेच मिळतं. परंपरेने त्यात हॅमचं, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचं, हाड घालतात पण भाज्यांच्या पाण्यात ते तितकंच चांगलं होतं. थोड्या बटरवर कांदा मंद परतायचा, लाल करायचा नाही, फक्त मऊ आणि पारदर्शक, मग दोन मोठी गाजरं (अर्धी चिरून, अर्धी किसून, किसलेली विरघळतात आणि रंग देतात), एक बटाटा, २०० ग्रॅम धुतलेली मसूर डाळ आणि दीड लिटर स्टॉक. चाळीस मिनिटं मंद आचेवर. मग रवीने किंवा बटाटा मॅशरने अर्धवट घोटायचं, मिक्सरमध्ये पेस्ट करायची नाही. मीठ, भरपूर मिरी. फोडणी नाही, हळद नाही, हिंग नाही. मला माहितीये की मसुरीची डाळ बिनफोडणीची म्हटल्यावर हात आपोआप मोहरीच्या डब्याकडे जातो, पण एकदा तरी हात आवरून जसंच्या तसं खाऊन बघा, गाजर आणि बटरची जी गोडी डाळीत उतरते ती फोडणीखाली दबून जाते. आमटी वेगळी, हे वेगळं, दोन्हींना आपापली जागा आहे.

शाकाहारी स्टॉकसाठी कांदा सालासकट अर्धा कापून कोरड्या तव्यावर करपेपर्यंत भाजा, त्याने रंग आणि खोली येते, मग गाजर, सेलरी, लीकचा वरचा हिरवा भाग, मशरूमच्या दांड्या, मिरे, तमालपत्र, पाऊण तास पुरे. फ्लॉवर-कोबीचे देठ यात टाकू नका, वास येतो.

कॉक-अ-लीकी हे दुसरं स्कॉटिश सूप, कोंबडी आणि लीकचं, आणि त्यात सुके आलुबुखार म्हणजे प्रून घालतात. ऐकताना विचित्र वाटतं पण ही काही आजची टूम नाही, फाइन्स मॉरिसन नावाचा इंग्रज प्रवासी १५९८ मध्ये स्कॉटलंडला आला होता तेव्हा त्याने एका सरदाराच्या घरी ब्रॉथमध्ये प्रूनबरोबर कोंबडी वाढलेली पाहिली आणि लिहून ठेवली. २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जयंतीचं जे जेवण असतं त्यात हॅगिस या मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाच्या आणि ओट्सच्या मुख्य पदार्थाच्या आधी पुष्कळ ठिकाणी हेच सूप येतं. यासाठी जून कोंबडी लागते, अंडी देऊन झालेली, आणि इथे आता तीच मिळणं अवघड झालंय, सगळीकडे कोवळ्या ब्रॉयलर, ज्या अर्ध्या तासात शिजतात आणि पाण्याला काहीच देत नाहीत. या बाबतीत महाराष्ट्रातले वाचक आमच्यापेक्षा नशीबवान आहेत, गावठी कोंबडी आणा! दीड किलोची कोंबडी, अडीच लिटर पाणी, किलोभर लीक. लीकची हिरवी पानं सुरुवातीलाच कोंबडीबरोबर घालायची आणि दोन तासांनी काढून टाकायची, पांढरा भाग मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांत, म्हणजे एकाने चव दिली आणि दुसरा खायला राहिला. दहा-बारा प्रून शेवटच्या अर्ध्या तासात. लीकच्या पापुद्र्यांत माती असते, उभा चिरून वाहत्या पाण्याखाली धुवा, नाहीतर सगळं सूप कचकचतं.

कलन स्किंकबद्दल मात्र मी वाचकांना खोटी आशा दाखवणार नाही. कलन हे आमच्यापासून गाडीने दीड तासावरचं मोरे किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव आणि हे सूप त्या गावाचं, धुरी दिलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध, बस. ॲबर्डीनच्या दक्षिणेला फिंडन म्हणून खेडं आहे, तिथल्या धुरी दिलेल्या हॅडॉकला फिनन हॅडी म्हणतात, त्याची जी धुराची चव दुधात उतरते तेच हे सूप. तो मासा महाराष्ट्रात सहज मिळत नाही, आणि सुका बोंबील, सुरमई किंवा साधा मासा घालून केलं तर ते दुसरंच काहीतरी होईल. जे ब्रिटनमध्ये आहेत त्यांनी गडद पिवळा रंग दिलेला हॅडॉक न घेता फिकट, बिनरंगाचा मागावा. अर्धा किलो मासा दुधात सहा-सात मिनिटं, दूध उकळू न देता, शिजवून बाजूला काढायचा, बटाटा-कांदा वेगळा पाण्यात शिजवायचा, मग दूध, मासा आणि थोडं बटर एकत्र. थोडे बटाटे घोटले की आपोआप दाट होतं. मासा आधीच खारट असतो म्हणून मीठ चाखल्याशिवाय घालू नये, आणि एकत्र केल्यावर उकळी आणली तर दूध फाटतं.

वेल्समध्ये याच घराण्यातलं ‘कॉल’ नावाचं सूप आहे, मटण, लीक, बटाटा, स्वीड, १ मार्चला सेंट डेव्हिड्स डेला आवर्जून करतात आणि बरोबर ब्रेड आणि केअरफिली चीजचा तुकडा. तेही दुसऱ्या दिवशी गरम केलेलंच चांगलं मानतात. इंग्लंडकडे वाळलेल्या वाटाण्यांची डाळ आणि हॅमचं दाट सूप, ज्याला लंडनच्या जुन्या पिवळ्या धुक्यावरून लंडन पर्टिक्युलर म्हणतात. १९५२ च्या डिसेंबरात त्या धुक्याने हजारो माणसं मेली आणि १९५६ मध्ये हवा स्वच्छ ठेवायचा कायदा आला, धुकं गेलं, सूप राहिलं. आणि मुलिगाटॉनी तर मद्रासहून गोऱ्यांबरोबर इकडे आलेलं, त्यात करी पावडर असते, पुरवणीत तेवढं एकच सूप चवदार म्हणून सांगितलं होतं त्याचं कारण हेच असावं.

अजून एक मुद्दा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. त्याच पानावर ‘बोन ब्रॉथ’ची एक चौकट होती, सांधेदुखी जाते, त्वचा तरुण होते, केस वाढतात वगैरे. कृपा करून असं छापू नका. इथे व्हिक्टोरियन काळात आजाऱ्याला बीफ टी म्हणजे मांस उकळलेलं पाणी पाजायची फार मोठी प्रथा होती आणि तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीच १८५९ मध्ये लिहिलं की पौंडभर मांस उकळा, ते पाणी आटवा आणि काय उरतं ते बघा, जेमतेम चमचाभर. आजाऱ्याला सावरायला मदत करणारा काहीतरी गुण त्यात आहे हे त्या मान्य करत होत्या, पण तेच सगळ्यात पौष्टिक अन्न आहे हा गैरसमज आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ज्या सूपात मटण आहे, डाळ आहे, जव आहेत, भाज्या आहेत ते पोट भरतं आणि अंगी लागतं. नुसत्या हाडांच्या पाण्याच्या पावडरी आता भारतातही महाग विकल्या जातायत, त्यापायी घरातल्या ज्येष्ठांचे पैसे जातात, औषधं मागे पडतात, म्हणून वर्तमानपत्राने तरी सांभाळून लिहावं.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या महिन्यात थंडी असेपर्यंतच या सूपांना पुन्हा एक पान द्यावं, आणि कृती देताना ग्रॅम, लिटर आणि मिनिटं नीट द्यावीत, ‘चवीनुसार’ आणि ‘आवश्यकतेनुसार’वर भागवू नये, कारण वाचकाने हा पदार्थ आधी कधी चाखलेलाच नाही तर त्याला चव कशी कळणार. पहिलं लेंटिल सूप घ्यावं, मसूर, गाजर, कांदा, बटर आणि मिरी प्रत्येक घरात असते आणि तासाभरात होतं. त्याच्या पुढच्या रविवारी स्कॉच ब्रॉथ, म्हणजे जव आणि वाटाणे आणायला लोकांना आठवडा मिळेल. आणि ती चाट मसाल्याची चौकट एवढ्या वेळी वगळावी.

आपली नियमित वाचक,
ॲबर्डीन, स्कॉटलंड